वीतभर

लोक आधी रंग विचारतात.
मी म्हणते, रंग राहू दे, उंची सांग.
बसलेली वेगळी, उभी वेगळी.

बेटिनाच्या धक्क्यामागे माझं दुकान.
मशीन जमिनीत खड्डा करून बसवलंय,
मी कमरेइतकी खाली, कापड फरशीवर पसरलेलं,
गिऱ्हाइकांचे बूट तेवढे आधी दिसतात.
पूर्वी नुसती शिडं शिवायचे.
आता लोक वाऱ्यापेक्षा उन्हालाच जास्त पैसे मोजतात.

एप्रिलात क्रशेवान आला, कानाला पट्टी.
शिबेनिकच्या डॉक्टरनं पाळीचा तुकडा काढलेला,
चण्याएवढा, असं म्हणाला,
जणू शेजाऱ्याच्या कानाबद्दल सांगतोय.
"कॉकपिटवर छत हवं. लहानसं.
बूमला घासता कामा नये,
मागची तार अडता कामा नये,
विंचचा दांडा पुरा फिरला पाहिजे,
आणि शीड मला टोकापर्यंत दिसलं पाहिजे."
अटी सगळ्या बोटीच्या.
कानाची एकही नाही.

"आणि उंची उभ्याची लिही. मी बसत नाही."

मग रंग.
दारातल्या उन्हात त्याच्या हातावर एकेक तुकडा धरला.
पांढरा खालून डोळ्यांवर येतो.
हिरव्याखाली माणसं आजारी दिसतात,
वाढदिवसाचे फोटोसुद्धा दवाखान्यातले वाटतात.
निळा सगळ्यांना हवा असतो,
जसं काही वर आभाळ कमी पडलंय.
त्यानं ओल्या वाळूचा घेतला, लगेच,
चपला घ्याव्यात तसा.

कापड दहा वर्षं टिकतं,
स्वस्त दोऱ्याचं चौथ्या उन्हाळ्यात पीठ होतं.
दोऱ्याचं त्याला विचारलंच नाही.
महागातला लावला.

पण कात्री लावण्याआधी म्हटलं,
घरची जुनी चादर घे, चार काठ्या बांध,
रविवारी कोर्नातीपर्यंत जाऊन ये,
आणि सावली जिथं संपते तिथं
दर तासाला खडूची रेघ मार.

सोमवारी कागद घेऊन आला.
अक्षर बहिणीचं, पेरिनाचं, शाळेतल्यासारखं.
बारा वाजता: सगळे आत.
दोनला: पेरिनाचे गुडघे बाहेर.
तीनला: भाच्याची पाठ, कलिंगड, अर्धा कुत्रा.
चारला: सावली बोटीवरून उतरून
डाव्या अंगाला पाण्यात.
पश्चिमेला पडदा लागणार, हे तर दिसतच होतं.
पण सुकाणूपाशी नाव नव्हतं कुणाचं.

"इथं कोण होतं?"
"मी."
"मग रेघ?"
"तिथं सावली आलीच नाही. लिहायचं काय?"

बारा ते पाच.
अर्ध्या कुत्र्याची नोंद होती.

म्हणाला, बापानं साठ वर्षं उघड्यावर सुकाणू धरलं.
मी म्हटलं, आणि बापाचं नाक?
तो भिंतीवरच्या कात्र्या मोजू लागला.
सात आहेत. बराच वेळ लागला त्याला.

सुकाणूच्या वर पारदर्शक खिडकी काढली, उशीएवढी,
शीड बघायचंय ना, बघ.
तारेसाठी चीर, चिरेला चेन.
बुरा वारा सुटला तर एका हातानं उतरेल अशी बंदं.
आणि बेतताना मागच्या अंगाला
वीतभर जास्त धरलं.
माझी वीत. हात मोठे आहेत माझे, आईसारखे.
नकाशात दाखवलं नाही.
बिलात लावलं.

त्यानं बिल वाचलं, दोनदा वाचलं,
पैसे दिले, काही बोलला नाही.

ऑगस्टात बूट पुन्हा दारात.
"मागची कड डोक्याला लागते," म्हणाला,
"उभं राहिलं की."
कान भरून आलेला, कडेला गुलाबी,
उन्हानं अजून न पाहिलेला.

माझ्या तोंडात टाचण्या होत्या.
मी हातानंच दाखवलं:
बस.